पिवळा म्हणजे निवासी

तीस वर्षं मी या शहराचे नकाशे काढले.
पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी,
हिरवा बागेचा, आणि स्मशानाला
तिरक्या रेघा, सारख्या अंतरावर.
ट्रेसिंग पेपर ब्लेडनं खरवडून
एकदा अख्खी शाळा मी सरकवली आहे
रस्त्याच्या पलीकडे.
उन्मेषसाठी रंग नव्हता.
तो तेव्हा चार वर्षांचा. मला वाटलं,
पुढच्या आराखड्यात बघू.

आता तो चौतीस, मी अडुसष्ट.
हिशोब त्यानंच करून दाखवला:
"तू बाबांच्या अर्धा."
तो स्वतःला 'तू' म्हणतो.
सगळे ज्या नावानं हाक मारतात ते आपलं,
असं त्यानं लहानपणीच धरलं,
आणि व्याकरण सोडलं तर
त्यात चूक काही नाही.
तुला भूक लागली, म्हणजे त्याला.
तुझं डोकं दुखतंय, म्हणजे मिक्सर बंद करा.

शोध सुरू झाला नलिनीच्या अँजिओप्लास्टीनंतर.
खारघरच्या डोंगराकडे एक जागा पाहिली:
संगमरवरी पायऱ्या, संस्थापकांची तसबीर,
आणि खोल्यांना कड्या बाहेरून.
पनवेलच्या पुढे एक. तिथे दुपारी तीनला
सगळे झोपलेले. सगळेच.
मी विचारलं, औषध?
ते म्हणाले, शिस्त.
तिसरीकडे पस्तिशीच्या पुढचे घेत नव्हते.
म्हणजे अजून अकरा महिने आहेत, नलिनी रिक्षात म्हणाली,
आणि आम्ही हसलो, वाईट हसलो,
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

'आमच्यानंतर' हा शब्द घरात वापरत नाही.
तो विचारतो, नंतर म्हणजे किती वाजता?

मग नेरूळ. मीच आखलेल्या गल्लीत
तळमजल्याचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले.
चार मुलगे राहतात. मुलगे म्हणायचं,
एक तर सत्तेचाळीसचा आहे.
सोसायटीनं दोन नोटिसा दिल्या होत्या:
लिफ्टमध्ये हातवारे करतात.
तळमजल्यावरची माणसं लिफ्टमध्ये कशाला चढतील,
हे हेमांगी म्हात्रेनं लेखी विचारलं.
तिसरी नोटीस आली नाही.
हेमांगी करावे गावातली. रात्री तीच असते.
तिनं उन्मेषला 'बस' म्हटलं नाही.
तो स्विचबोर्ड मोजत हिंडला, हिंडू दिलं.
मग म्हणाली, एक राहिला, फ्रिजच्या मागं.
तो गेला, वाकून बघून आला. "एकोणीस."
माझ्या नकाशात मी एकही दाखवला नव्हता.

अर्जात 'सवयी' पुढे तीन ओळी.
वरणात मोहरी दिसू नये, लिहिलं.
टॉवेल निळा. फुगे नकोत.
रडला तर जवळ जाऊ नका, पण खोलीतून जाऊही नका.
पुढचं समासात गेलं, मग मागच्या पानावर,
माझं इतकं बारीक अक्षर
प्लॉट नंबरांनंतर पहिल्यांदाच आलं.

पहिल्या रात्री उशी, टॉवेल,
बसच्या तिकिटांचा डबा जागेवर लावून
मी दाराशी चपला घालत होतो.
तो आला. माझ्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाला,
"तुला घरी जायचंय."

हेमांगी हसली, बघा, बाबांना कसं मोकळं केलं.
नलिनीनं माझा दंड धरला.
इतकी वर्षं त्याचा 'तू' उलटा करून ऐकत आलो,
आणि त्या क्षणी कळेना
रेघ कुठल्या बाजूनं ओढायची.
मी विचारलं, कोणाला?
तो म्हणाला, "घरी."
मग त्यानं जाळीचं दार लावलं, आतून,
कडी दोनदा हलवून बघितली, आमच्याकडे बघतो तशी,
आणि फ्रिजच्या दिशेनं गेला.

सकाळी नलिनीनं चटणीला मिक्सर लावला,
स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून.
अर्ध्यातच बंद केला.